पहारेकऱ्याची सकाळ

या मंडळी, जरा जवळ सरका. आमच्या मसाका गावातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण त्याच्या संसारावर बेतलेली.

कसुले रात्रभर कॉफीच्या गिरणीवर पहारा करून थेट रक्त तपासायला आला होता. आठच्या आत, उपाशीपोटी. लॅबच्या पाटीवर लिहिलं होतं अगदी तसं. गेल्या आठवड्यात त्याचं टेस्टोस्टेरॉन फार कमी भरलं होतं. एका आकड्यावर पुरुषाला उणा ठरवत नाहीत, म्हणून आज दुसऱ्यांदा. बाकावर बायको नाकिट्टो मान खाली घालून बसलेली, शेजारी तिची आत्या. आमच्याकडे नवरा-बायकोत काही बिनसलं की निवाडा मुलीची आत्याच करते.

"जावईबापू, आमच्या कोंबड्याला कधी परीक्षा द्यावी लागली नाही," आत्या म्हणाली. "आजही कमी निघालं, तर पाचच्या गाडीनं पोरगी माझ्याबरोबर येईल."

सुई टोचण्याआधी लॅबच्या बिरुंगीबाईंनी सहज विचारलं, "झोप झाली ना नीट?"

"रात्रीचा पहारा असतो, ताई. दिवसा झोपतो."

"मागच्या वेळीही असेच जागून आलात?"

"पाटीवर सकाळ लिहिलंय ना."

बाईंनी सुई खाली ठेवली. "अहो, ती झोपून उठलेल्याची सकाळ. तुमची आत्ता रात्र चाललीय. जागरणानंसुद्धा हे उतरतं. मागच्या खोलीत सहा तास झोपा. उठल्याबरोबर रक्त घेते, चारपर्यंत आकडा देते."

"आणि तेव्हाही कमीच आलं तर?"

बाईंनी मागच्या खोलीचं दार उघडलं.

"चारपर्यंत थांबते," आत्या म्हणाली. "पुढे नाही."

कसुले आतल्या बाकड्यावर आडवा झाला. एरवी पाठ टेकली की घोरणारा माणूस. आज छत बघत राहिला. 'देवा, बाकी काही मागत नाही, एवढी झोप दे,' असं त्यानं किती वेळा म्हटलं, त्यालाच माहीत. नाकिट्टोनं डोक्याचं फडकं सोडून त्याच्या डोळ्यांवर घातलं आणि उशाशी बसून राहिली. दहा वाजले. अकरा वाजले. फडक्याखाली पापण्या हलत होत्या.

"झोपा ना हो," ती पुटपुटली.

"झोपतोच आहे," तो म्हणाला.

मायबापहो, आज पाठ टेकताच तुमचा डोळा लागणार असेल, तर त्याआधी क्षणभर या कसुलेची आठवण ठेवा.