नव्यांना ऐकवलेला कॉल

साहेबांनी रेकॉर्डिंगच्या बटणाकडे बोट नेलं आणि ताई दाराकडे बघू लागल्या.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये नवी मंडळी आली, की पहिल्याच दिवशी साहेब त्यांना एखादा जुना कॉल ऐकवत. कधी नमुनेदार, कधी पार फसलेला. आज ताईंनी घेतलेला निवडला होता. कोणता, हे विचारायची गरजच नव्हती. श्वास थांबलेलं तान्हं बाळ आणि फोनवर त्याची आई.

कित्येक महिने तो कॉल त्यांच्या मानगुटीवर बसला होता. भांडी घासताना, जिना चढताना तीच किंकाळी, "अहो, बोला ना काहीतरी!" आणि त्यावर आपली बसलेली दातखीळ. पुढचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. बाळ गेलंच असणार, दुसरं काय! कुणाला विचारायची छाती झाली नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या देताना समजावलं होतं, "मन आजारी असलं की वाईट तेवढंच धरून ठेवतं. उतार पडेल, घाबरू नका." त्यातलं ताईंच्या लक्षात राहिलं ते 'आजारी' एवढंच.

"साहेब, मी बाहेर थांबू?"

"छे! बसा इथेच."

म्हणजे धिंडवडे निघणार, तेही समोर बसवून. यानंतर हेडफोनला हात लावायचा नाही, घरी बसायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. किंकाळी आली. ताईंनी डोळे घट्ट मिटले. मग ती शांतता आली, पण जेमतेम एका श्वासाएवढी. लगेच कुणीतरी ठामपणे बोलू लागलं, "छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवा. मी मोजते, तसं दाबा. मी आहे, कुठेही जात नाही." आकडे चालूच राहिले. खोलीत कुणी हलेना.

आणि बाळानं टाहो फोडला. आई हुंदके देऊ लागली. तिच्या हुंदक्यांवर एक बाई मोठमोठ्यानं, वेड्यासारखी हसत सुटली.

ताईंनी डोळे उघडले. "त्या घरात आणखी कुणी होतं का हो? ही कोण हसतेय?"

साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"आई एकटीच होती, ताई. हसताय त्या तुम्ही."