थोरलीची तिर्री

दोघी जावा एकाच कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत. कामाला किती दिवस लागतील, ते सगळ्यांनी पत्ते टाकून सांगायचं, अशी तिथली रीत. धाकटी ऐसपैस आकडा टाकायची, आधीच काम संपवायची आणि साहेबांची शाबासकी लाटायची. थोरलीच्या पोटात दुखायचं. आज धाकटीने स्वतःच्या कामाला अठ्ठी टाकली, तशी थोरलीने मुद्दाम तिर्री आपटली. "आठ दिवस? हा तर डाव्या हातचा मळ!" साहेबांना तेवढंच हवं होतं. "ठरलं, तीनच दिवस!" धाकटीचा चेहरा उतरला, थोरलीचा जीव थंडावला. संध्याकाळी घरी धाकटीने आपलं तान्हं थोरलीच्या कडेवर दिलं, हातात तीच तिर्री ठेवली. "ताई, तुमचे तीन दिवस संपेपर्यंत बाळ, स्वयंपाक तुमच्याकडे." आणि लॅपटॉप घेऊन दार लावलं. थोरली भाजी ढवळतेय तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, धाकटीला आधी वाढ, बिचारी किती राबते!"