बाभळीवर हौशीराम

"बाजीराव! बार टाक! टाक की रं!"

हौशीराम बाभळीवरून ओरडत होता. खाली एक दांडगं रानडुक्कर फुरफुरत खोडाभोवती घिरट्या घालत होतं. सकाळी भुईमुगाला पाणी द्यायला आलेल्या हौशीरामापुढं ते अचानक उभं राहिलं, आणि साठी उलटलेला हा गडी दिसेल त्या झाडावर चढला. झाड निघालं काटेरी. पायातली एक चप्पल खाली पडली होती, ती डुकरानं तोंडात धरून दोनदा आपटली.

येडगावच्या धरणाकडून येणाऱ्या वाटेवर, शेताच्या बांधाशी बाजीराव उभा होता. खांद्याला परवान्याची बंदूक, खिशात डुकरं मारायची वनखात्याची परवानगी. आजूबाजूचे शेतकरी त्याला हात जोडून रानात नेत. एकट्या हौशीरामाचं रान तेवढं त्याला बंद होतं.

"हितनं बार टाकला तर तुलाच लागंल," बाजीराव म्हणाला. "आत यावं लागंल मला. येऊ? का तंगडं मोडशील?"

हौशीरामानं मान खाली घातली.

दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले दोस्त. तीन वर्षांमागं एका डुकराच्या मागावर बाजीराव आणि चौघंजण हौशीरामाच्या रानात घुसले आणि कांद्याचं सगळं रोप तुडवून गेले. हौशीरामानं भर चावडीवर सांगितलं, "माझ्या बांधाच्या आत पाय टाकलास तर तंगडं मोडीन." बाजीरावही इरेला पेटला. तेव्हापासून बोलणं बंद. हौशीरामाच्या लेकीचं, समृद्धीचं लग्न झालं, तेव्हा बाजीरावानं वरात रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली. आणि डुकरांनाही हे भांडण कळलं असावं. कारण बाकीच्या रानांतून हुसकलेली सगळी डुकरं हौशीरामाच्याच भुईमुगात मुक्कामाला येऊ लागली.

चेष्टा पुरे झाली, असं मनाशी म्हणत बाजीरावानं बंदूक उतरवली आणि बांधावर पाय ठेवला. तेवढ्यात डुकराला त्याचा वास लागला. मान वर झाली, कान उभे राहिले, आणि बाभळीमागच्या पाण्याच्या चारीतून ते पलीकडच्या उसात शिरलं. पाचट वाजलं आणि शांत झालं. हौशीराम खोडाला मिठी मारून, मान खाली घालून बसला होता. त्याला पत्ताही नसावा.

आता 'गेलं रं' एवढंच म्हणायचं होतं. बाजीरावानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. हौशीराम खाली उतरणार, कपडे झटकणार आणि तोंड फिरवून घराकडं चालू लागणार. तीन वर्षांत तो आज पहिल्यांदा बोलला होता, तोही झाडावर अडकला म्हणून. बाजीरावानं बांधावरचा पाय हळूच मागं घेतला.

"हाय का रं अजून?" वरून आवाज आला.

"हाय. चारीत बसलंय. हलू नगंस."

"बरं."

बाजीरावानं घसा खाकरला. "समृद्धी बरी हाय का?"

"बाळंतपणाला आलीया. लेक झाली."

"आरं वा! कुणावर गेलीया?"

"समदी म्हन्त्यात, आज्यावर. नाक बघून."

"अरारा! बिचारी पोर!"

बाभळीवर खुसखुस झाली. मग हौशीरामाचा आवाज बदलला. "बाजीराव, रोपाचं मला काय नव्हतं. रोप परत टाकता येतं. पन माझं रान मातीत गेलं आनि तू बांधावर हुभा ऱ्हाऊन हसत व्हतास. ते लई लागलं बघ."

बाजीराव चकित झाला. "तुला हसलो? आरं, तुला कशाला हसू? आपला संपत डुकराच्या मागं पळता पळता तुझ्या शेणखाताच्या ढिगात तोंडावर पडला! मिशांसकट! बाहेर निघाला तो 'डुक्कर कुठाय, डुक्कर कुठाय' करत, आनि समदी त्याच्याचकडं बोट दाखवत व्हती!"

बाभूळ हलायला लागली. हौशीराम हसत होता. काटा टोचला की 'आयायाय' करायचा आणि पुन्हा हसायचा. खाली बाजीराव पोट धरून बांधावर बसला.

"आनि हे तू तीन वर्सं सांगितलं न्हाईस व्हय रं, बाज्या?"

"तू इचारलंस कुठं?"

तीन वर्षांनी कानावर पडलेलं 'बाज्या' ऐकून बाजीराव उठून उभा राहिला. त्यानं उगाच बंदुकीचा पट्टा सारखा केला.

"ये आत," हौशीराम म्हणाला. "आनि परवा बारशालाबी ये. वैनीला घिऊन."

बाजीराव बांध ओलांडून बाभळीखाली आला. त्यानं खांदा दिला. हौशीराम कण्हत, कुरकुरत त्यावर पाय ठेवून खाली उतरला. सदऱ्याची पाठ फाटून चिंध्या झाल्या होत्या, हातांवर ओरखडे उठले होते. ते पाहून बाजीरावाला राहवेना.

"हौश्या, रागावू नगंस," तो खाली मान घालून म्हणाला. "डुक्कर मगाशीच गेलं. मीच सांगितलं न्हाई."

हौशीरामानं दंडातला काटा उपटला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"ते उसात शिरताना मला वरनं दिसलं व्हतं की. पन मी उतरलो असतो, तर तू बांधावरनंच माघारी गेला असतास."