खिडकी क्रमांक दोन

पहिला फटका काचेवर बसला, दुसरा काकांच्या खांद्यावर.

सलाईनचा लोखंडी स्टँड होता तो. एक आडदांड माणूस तो दोन्ही हातांनी धरून दोन नंबरच्या खिडकीतून आत हाणत होता. नोंदणी कारकून, ज्यांना सगळं इस्पितळ काका म्हणायचं, खुर्चीसकट मागे कोसळले होते. त्यांच्या टकलावर, शर्टावर काचाच काचा.

"माझा भाऊ गेला!" तो माणूस ओरडला. "एक कागद मागत होतो तुझ्याकडे. एक कागद! आणि तू पडद्याकडे टकमक बघत बसलास!"

इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणारी कॉम्प्युटरवाली काकांच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती.

इस्पितळातले कॉम्प्युटर जुनाट, घासून घासून झिजलेले. नवे मिळायची आशा नव्हती. म्हणून सकाळीच तिनं दोन खिडक्यांवर दोन वेगवेगळ्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्या होत्या. जी जास्त वेगानं चालेल ती सगळीकडे टाकायची. एक नंबरवरची अगदी बोडकी, दिसायला ओबडधोबड. दोन नंबरवरची तिच्या आवडीची, देखणी. पण त्या म्हाताऱ्या मशीनला तो नट्टापट्टा झेपेना. एक नंबरवर भराभर कागद निघत होते आणि इथे दर नावाला पडद्यावर चकरी गरगरत राहायची.

"पोरी, हे काही खरं नाही. आधीचंच टाक परत," काका म्हणाले होते.

"संध्याकाळपर्यंत चालू द्या ना, काका. दिवसभराची तुलना हवी मला."

आणि दुपारी हा माणूस आला होता. भाऊ बाहेर स्ट्रेचरवर, छाती धरून. नोंदीचा कागद आणा, मग आत घेतो, असं आतून सांगितलेलं. काकांनी त्याला पलीकडच्या रांगेत जा म्हणून विनवलं, तो धावत गेलाही, पण त्या रांगेनं त्याला मध्ये घुसू दिलं नाही. "आम्ही काय मजा मारायला आलोय?" कुणीतरी त्याला ढकलून दिलं. तो परत येऊन दोन नंबरसमोर उभा राहिला. चकरी फिरत होती.

आता त्यानं लाथ घालून दार उघडलं. काकांची कॉलर धरून त्यांना उभं केलं आणि तोंडावर ठोसा मारला. पुन्हा मारला. चष्मा उडाला. काका टेबलाला धरू गेले तर त्यानं त्यांचा हात तिथेच दाबून धरला.

"हात चालत नाहीत ना तुझे? थांब, कायमचेच बंद करतो."

स्टँडचं बूड त्यानं त्यांच्या बोटांवर आदळलं. काका गुरासारखे ओरडले. एक नंबरवरची कारकून बाई पळाली, तिच्यासमोरची रांग मागे सरली, पण फुटली नाही.

काकांनी कॉम्प्युटरवालीकडे एकदाच पाहिलं. तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटले असते. त्यांनी मान वळवली.

"सोडा त्यांना!" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "काका हळू नव्हते. मशीन हळू होतं. ते मी केलंय."

तो वळला. "काय केलंस?"

"नवीन सिस्टीम टाकली. सकाळपासून अडकत होती. मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग काढली का नाहीस?"

खोटं बोलायला वेळ होता. सुचलंही असतं काहीतरी.

"दोन्हींतली कुठली वेगानं चालते ते बघत होते."

"बघत होतीस," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. मग त्यानं स्टँड उगारला.

तिनं डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगटात काहीतरी काडकन मोडलं. दुसरा फटका भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली पडली तेव्हा तो मशीनवर तुटून पडला होता. पडदा फुटला, पत्रा चेपला, तरी तो हाणतच राहिला, स्टँड वाकेपर्यंत.

मग रखवालदार आले. तिघे होते. त्यांनी त्याला पाडला आणि दंडुक्यांनी झोडपायला सुरुवात केली. त्यानं हात वर केले नाहीत. डोकंसुद्धा झाकलं नाही.

"पुरे! मरेल तो!" ती सरपटत मध्ये गेली. एक दंडुका तिच्या पाठीवरही बसला. तेव्हा कुठे ते थांबले.

रखवालदार धापा टाकत होते. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "बाहेरची बॉडी हलवायचीय. पण नोंद नाही. नोंदीशिवाय आत घेत नाहीत."

काका भिंतीशी बसून सुजलेली बोटं छातीशी धरून कण्हत होते. दुसरं कुणी नव्हतं. ती उठली आणि एक नंबरच्या खुर्चीत जाऊन बसली. मोडका हात तिनं मांडीवर ठेवला.

त्याला खिडकीपाशी आणून उभं केलं. त्याचा एक डोळा मिटला होता, ओठ फाटला होता.

"नाव?" तिनं विचारलं.

त्यानं भावाचं नाव सांगितलं.

"वय?"

त्यानं वय सांगितलं. सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला.

तिनं एका हातानं ते टाइप केलं आणि बटण दाबलं. प्रिंटर लगेच खरखरला. तिनं कागद खिडकीतून पुढे केला. कडेला तिच्या बोटांवरचं रक्त लागलं होतं.

त्यानं कागद घेतला. उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग उरला नव्हता.

"झालं?" तो म्हणाला. "एवढ्यात होतं?"