दारावरून एक चक्कर

मेकॅनिक आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे उस्तादांच्या शोकसभेला गेला, तो केवळ लोक काय म्हणतील म्हणून. स्पोर्ट्स कारचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, असं जो तो उठून सांगत होता आणि मागच्या खुर्चीत याच्या पोटात दुखत होतं. मेल्यावरही हाच भाव खाणार! तीस वर्षं एकाच रस्त्यावर दोघांची गॅरेजं. आणि दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी उस्ताद याच्याच दारावरून गुरगुरत न्यायचे. मुद्दाम, जळवायला.

शेवटी उस्तादांची बायको बोलायला उभी राहिली. तिने मागे बघून मेकॅनिकला हात जोडले.

"भावजी, आज सांगूनच टाकते. गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी हे तुमच्या दारावरून एक चक्कर मारायचे. तुम्ही हातातलं काम सोडून मान वर केलीत, की त्या दिवशी यांना जेवण गोड लागायचं नाही. म्हणायचे, 'त्याच्या कानाला खटकलंय, म्हणजे काहीतरी राहिलंय.' मग सगळं इंजिन पुन्हा खोलायचे. यांचं नाव झालं ते तुमच्या कानामुळे."

अख्खा हॉल वळून आदराने मेकॅनिककडे पाहू लागला. याच नजरेसाठी तो तीस वर्षं झुरला होता.

त्याने मान खाली घातली. त्याच्या कानाला कधीच काही खटकलं नव्हतं. दर वेळी मान वर व्हायची ती नुसत्या जळफळाटाने.