सर्जेरावांचं गुणगुणणारं कडं

पैज लावा, कुणाला पटायचं नाही. पण सर्जेरावांच्या रक्तातला पहारा कानांनी ऐकू यायचा. शिकवून तयार केलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, एचआयव्हीला दाबून धरत होत्या, आणि त्या जाग्या असेपर्यंत मनगटातलं कडं गुणगुणायचं. त्याच भरवशावर गोळ्या बंद होत्या. कडं गप्प झालं, की लगेच दवाखान्यात भरती.

आज ते गप्प झालं. लेकीचं लग्न परवावर आलेलं, आणि समोर बायको हौसाबाई अक्षता रंगवत बसलेल्या. सर्जेराव ओठ मिटून स्वतःच गुणगुणू लागले. सवयीनं मध्येच चहाचा घोटही घेतला.

हौसाबाईंचा हात थांबला.

“अहो, तुम्ही घोट घेतला की कडंही थांबतं होय? चपला घाला आधी!”