बिनवासाची ट्यूब

मालेगाव बसस्टँडसमोरच्या मेडिकलवर चार माणसं उभी होती, तरी कस्तुराबाईनं आवाज दाबला नाही.

"सुनेच्या थानाले चिरा पडल्या. लेकरू पाजवत नाही तिच्यानं. मलम दाखव."

तिचा मुलगा प्रज्वल लगेच मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिला.

दुकानदारानं एक गुलाबी ट्यूब पुढं केली. "हे सगळ्यात भारी, मावशी. गुलाबाचा वास हाय."

"लेकराच्या तोंडात गेलं तं?"

"काही होत नाही. पाजाच्या आधी पुसाचंबी काम नाही."

"बिनवासाचं नाही काय?"

"हाय ना. पण बाया हेच नेतात."

आता प्रज्वल हळूच बोलला, "घे ना माय गुलाबाचंच. राखीले लय आवडते तो वास."

"राखीले आवडते. पण पेते कोण?" कस्तुराबाईनं गुलाबी ट्यूब परत सरकवली आणि साधी पांढरी उचलली. "त्याले अजून नीट दिसत नाही, बापा. मायले ते वासावरूनच ओळखते. या जगात त्याची तेवढीच तं ओळख हाय."